अण्णा, त्यांनी तुला फौजेच्या बाजूला बसवलं

अण्णा, परवा तुझी शोकसभा झाली. तू असतास तर पहिल्या पाच मिनिटांतच चपला शोधायला लागला असतास. मला उठता आलं नाही. मला पुढं खुर्ची दिली होती, हारांच्या टोपलीला लागून, आणि घरातलं माणूस, तुझी बहीण म्हणून शेवटी आभाराचे दोन शब्द मीच बोलायचे, असं ठरवून टाकलं होतं. कुणी ठरवलं ते विचारू नकोस. आपल्या पेठेत जे ठरतं ते असंच ठरतं, आणि ज्याच्याबद्दल ठरतं त्याला ते सर्वांत शेवटी कळतं.

सभा तालमीच्या पटांगणातच झाली. तेच लाकडी व्यासपीठ, तेच दोन कर्णे. तुझा फोटो पलटणीतला लावला होता, बंदुकीसकट. शाळेतला, ड्रिलमास्तर म्हणून गळ्यात शिट्टी असलेला, मी मुद्दाम दिला होता, तो कुणी बाहेर काढलाच नाही. कर्णा बराच वेळ किंचाळला, मग कुणीतरी माइकवर 'हॅलो, हॅलो' केलं, मग तालमीचे वस्ताद बोलायला उभे राहिले आणि रडले. खरंच रडले. त्या रडण्यात खोट असती तर मला बरं वाटलं असतं. तुमची लहानपणची दोस्ती, एका मातीत घोळसलेले तुम्ही. रडून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि अध्यक्ष म्हणून वकीलसाहेबांना बोलायला सांगितलं.

वकीलसाहेब म्हणाले, "गोव्याच्या प्रश्नावर याच व्यासपीठावर आमचा सामना झाला होता. फौज की बोलणी, असा विषय होता. मी बोलण्यांची बाजू मांडली, हवालदारांनी फौजेची. आणि आज सांगायला मला मुळीच कमीपणा वाटत नाही, त्या संध्याकाळी या शूर माणसानं मला चारी मुंड्या चीत केलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या, अण्णा. माझ्या शेजारच्या बाईनंसुद्धा वाजवल्या, आणि मग माझ्याकडं बघून पदर सारखा केला.

पाठोपाठ वस्तादांनी ठराव वाचला. दरवर्षी शाळांची वादविवाद स्पर्धा भरवायची, तिला तुझ्या नावाची ढाल ठेवायची, आणि गोवा सुटेपर्यंत विषय एकच, 'गोवा फौजेनेच सुटेल'. "ढाल हवालदारांच्या नावाची, आन् विषय बी त्यांच्या आवडीचा," असं वस्ताद म्हणाले. म्हणजे पेठेतली पोरं दरवर्षी तुझं नाव घेऊन नेमकं तेच ओरडणार, जे तू कधी म्हणाला नाहीस. आणि मी उठून त्याचे आभार मानायचे.

काय घडलं ते तुला माहीत आहे. तरी मला ते एकदा तुझ्यापुढं नीट मांडायचं आहे, कारण परवा पटांगणात बसलेल्यांतली निम्मी माणसं त्या संध्याकाळी हजर होती, आणि त्यांच्यातल्या एकाच्याही कपाळावर आठी पडली नाही. ते बघून मला क्षणभर माझ्याच कानांची शंका आली. खोट्या माणसांत फार वेळ बसलं की असं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्या पावसाळ्यात गोव्याच्या हद्दीवर पोर्तुगीजांनी आपली निःशस्त्र माणसं गोळ्या घालून मारली. आपल्या पेठेतूनही तिघं-चौघं गेले होते. गारगोटीच्या रस्त्यानं ट्रकमधून हसत, घोषणा देत गेले, आणि परत आले तेव्हा एकाचा हात कोपराखाली नव्हता. गाव उकळत होतं. सगळीकडं एकच, फौज पाठवा. मीही तेच म्हणत होते, आणि सगळ्यांत जोरात तुझ्याच स्वयंपाकघरात म्हणत होते. तू भाकरी मोडत ऐकून घ्यायचास.

तेव्हा तालमीनं जाहीर वादविवाद ठेवला. कोल्हापुरात कुठल्याही गोष्टीच्या दोन बाजू झाल्या की त्यांची कुस्ती लावायची, याखेरीज दुसरी रीत कुणाला सुचत नाही. इथंही जोड लावली. एका बाजूला इटलीत लढून आलेला हवालदार, दुसऱ्या बाजूला बोलण्यावरच पोट असलेला वकील. कुस्तीच्याच छापखान्यात हँडबिलं छापली, त्यावर 'निकाली' असा ठसठशीत शब्दही घातला. हलगीवाला ठरवला. जिंकणाऱ्याला फेटा. ज्यांना पटांगणात जागा मिळणार नाही त्यांच्यासाठी मंडईपर्यंत खांबांवर कर्णे बांधले, म्हणजे भाजी घेता घेता लोकांना गोव्याचं काय करायचं ते ऐकता येईल.

तुला विचारायला कुणी आलं नाही. हँडबिल छापून झाल्यावर ते दाखवायला वस्ताद आले. तू वाचलंस आणि "येतो की" एवढंच म्हणालास. मी दारात उभी होते. वस्ताद गेल्यावर मी म्हटलं, "त्यांना सांग तरी. तुझं नाव फौजेपुढं छापलंय."

"इचारलं कुठं त्यांनी?" तू म्हणालास.

"म्हणून गप्प बसायचं?"

"गप कुठं बसतोय, शालू? बोलाय तर बोलावलंय त्यांनी."

तुझ्या या असल्या हसण्याचा मला नेहमी राग यायचा. आताही येतो.

त्या संध्याकाळी मी बायकांच्या जाजमावर बसले होते. तू खाकी नाही, साधा सदरा घालून आलास, तेव्हाच पुढच्या रांगेत कुजबुज झाली. पहिलं नाव तुझं. तू माइकपुढं उभा राहिलास आणि म्हणालास, "मी बोलण्यांच्या बाजूनं बोलनार हाय." लोक हसले. त्यांना वाटलं, हवालदार चेष्टा करतोय. मग हसणं विरलं आणि वस्ताद लगबगीनं पुढं आले.

"हवालदार, तुमची बाजू फौजेची."

"कुणी ठरवली?"

"हँडबिलात हाय की."

"मग हँडबिलालाच बोलवायचं हुतं," तू म्हणालास, आणि कर्ण्यातून ते मंडईपर्यंत गेलं.

तू काय बोललास ते मला पाठ आहे. मी त्यातलं काहीच मान्य करत नव्हते, तरी पाठ आहे. तू म्हणालास, "इटलीत आमी एक गाव सोडवलं. सोडवलं म्हंजी काय केलं, त्ये सांगतो. आदी लांबनं तोफा मारल्या. सकाळधरनं मारल्या. मग आत गेलो. मानसं बाहीर आली, आमच्या गळ्यात पडली, रडली, हसली. एक म्हातारा माजा हात धरून मला घरला घिऊन गेला. घर न्हवतंच तितं. पर त्यो दाराच्या जाग्याव हुबा ऱ्हायला आन् मला आत या म्हनला. मी गेलो आत. काय करनार? त्यो गाव माजा न्हवता. गोवा तर आपला हाय म्हनताय न्हवं? मग आपल्याच घराव पैली तोफ कुनी मारायची?"

इथपर्यंत लोक गप्प होते. मग मागून कुणीतरी "मास्तर, शिट्टी वाजवा आन् घरी जावा" म्हणालं आणि सगळं सुटलं. शिट्ट्या, आरोळ्या, शेंगांची टरफलं. "भ्यालाय त्यो" असं एकानं म्हटलं आणि मग ते दहा जणांनी उचललं. तू थांबलास. आरडाओरडा ओसरेपर्यंत थांबलास. कुस्ती बरोबरीत सोडवल्यावर पब्लिक असंच अंगावर यायचं, तेव्हा पंच म्हणून तू जसा आखाड्याच्या हौदात मधोमध उभा राहायचास, तसाच. मग म्हणालास, "बोलनी म्हंजी पाया पडनं न्हवं. समोरचा उठून जाईस्तवर आपुन उठायचं न्हाय, त्याला बोलनी म्हनत्यात. त्याला बी दम लागतोय." आणि तुझी वेळ संपायच्या आधीच वस्तादांनी घंटा वाजवली. तूच त्यांना शिकवलं होतंस, की पंचानं घड्याळाकडं बघावं, पब्लिककडं नाही.

पण खरी किळस पुढं आहे. वकीलसाहेब बोलण्यांच्या बाजूची तयारी करून आले होते. त्यांच्या हातात कागद होते, मी पाहिले होते. ते आणि वस्ताद पडद्याआड गेले, एक विडी ओढून होईल इतका वेळ. बाहेर आले तेव्हा कागद कोटाच्या खिशात गेलेले होते. वकीलसाहेब फौजेच्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले, आणि नाव पुकारताच उठून असे पेटले की बस. तलवारी, रक्त, माती, आयांची कूस, मेलेल्यांच्या राखेची शपथ. गळा दाटून आला, मूठ वर गेली. पडद्याआड जाण्यापूर्वी हा माणूस याच तोंडानं शांततेची महती सांगणार होता. लोकांना ते ठाऊक होतं. हँडबिल त्यांच्या खिशात होतं. कुणालाही काही वाटलं नाही. त्यांना जोड हवी होती, जोड मिळाली.

आणि अण्णा, त्यांचं वाक्य न् वाक्य मला पटत होतं. तेच तर सांगतेय. ती माझीच वाक्यं होती. इंग्रज जाऊन आठ वर्षं झाली, किती बोलायचं? बंदूक घेऊन घरात बसलेल्याशी काय बोलायचं? मी तुला हेच रोज सांगत होते. तीच वाक्यं त्या तोंडातून मला ऐकवेनात. माझं म्हणणं चुकीचं वाटलं म्हणून नव्हे. माझं उष्टं कुणीतरी चवीनं खातंय आणि मला दाखवून ओठ पुसतंय, असं वाटत होतं.

त्यांना फेटा बांधला. उघड्या मोटारीतून हलगी लावून मिरवलं. आपण दोघं मंडईतून चालत आलो. तू दोडके घेतलेस, भाव केलास. ज्या खांबावरच्या कर्ण्यातून तुला भित्रा म्हणणं ऐकू आलं होतं, त्याच खांबाखालच्या भाजीवालीनं तुला वजनात मारलं, आणि तू काही बोलला नाहीस. वाटेत एवढंच म्हणालास, "वकील बाकी बोलला झकास." मी रस्त्यातच थांबले. "त्यांचं सगळं मला पटतंय, म्हणूनच जास्त चीड येतेय," असं मी म्हटल्यावर तू इतका हसलास की माणसं वळून बघायला लागली.

आई घरी उंबऱ्यावर बसली होती. तिनं कर्ण्यातून सगळं ऐकलं होतं. तुझ्याकडं न बघताच म्हणाली, "मंडईतली वांगी इकनारी बी तुला भ्याड म्हनत हुती. मी म्हटलं, तुज्या मालकाला इटलीला धाड आदी." आणि तुझ्या पुढ्यात तांब्या ठेवला. तू त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्यास, तिला बरं वाटावं म्हणून.

मग जे झालं ते इतकं मुकाट्यानं झालं की त्याच्यावर बोट ठेवता येत नाही. तालमीनं तुला पंच म्हणून बोलावणं बंद केलं. कुणी काही बोललं नाही, वाद घातला नाही, कारण सांगितलं नाही. मैदानाच्या कुस्त्या ठरायच्या, हँडबिलं निघायची, आणि पंचांच्या यादीत तू नसायचास. शाळेतली ड्रिलमास्तरकी हे तुझं काम होतं, पण पंचगिरी हा तुझा जीव होता. रविवार उजाडला की तू पांढरी विजार घालून तयार व्हायचास, शिट्टी रुमालानं पुसायचास. नंतर तू तिकीट काढून पब्लिकमध्ये बसायला लागलास. मी एकदा म्हटलं, "जातोस कशाला? लाज नाही वाटत?" तू म्हणालास, "कुस्ती बगाय जातोय. कुस्तीनं माजं काय केलंय?" मला त्या वेळी तुझा फार राग आला, आणि पाठ फिरवून मी डोळे पुसले.

वस्ताद रस्त्यात भेटले की तुला "काय हवालदार" म्हणायचे, खांद्यावर थाप मारायचे. त्यांचं प्रेम कमी झालं नव्हतं. आपल्या गावात प्रेम करायला काही अडत नाही, फक्त पब्लिक समोर असलं की ते थांबतं. तू मेल्यावर ते पहाटे पहिले आले, तिरडीला खांदा दिला, स्मशानात सगळं बघितलं. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, चला, याला उशिरा का होईना सुचलं. आणि नवव्या दिवशी त्यांनी ठराव लिहिला.

असं का झालं असेल, याचा मी दोन दिवस विचार करतेय. वकीलसाहेबांचं समजतं. दिल्लीचा कल बोलण्यांकडं आहे आणि त्यांना आता वर जायचं आहे, तेव्हा आपण कधी फौज मागितली होती हे त्यांना नडलं असतं. मेलेला हवालदार आयता सापडला. स्वतःची बाजू तुझ्या गळ्यात, तुझी बाजू स्वतःच्या, आणि वर हरल्याचा मोठेपणा. पण लोकांचं काय? मला वाटतं, लोक खोटं बोलत नाहीयेत, आणि ते जास्त वाईट आहे. त्यांच्या डोक्यात हिशेब सरळ आहे. एक हवालदार होता, एक वकील होता, फौज जिंकली. फौज जिंकली म्हणजे हवालदार जिंकला. तुला टरफलं मारली ती हवालदाराला मारलीच नव्हती, दुसऱ्याच कुणा भित्र्या माणसाला मारली होती, आणि तो कोण होता हे आता कुणाला आठवत नाही.

आपलं भांडण मात्र खरं होतं. मला त्याचाच जास्त आधार होता, हे आता कळतं. तू मला विचारायचास, "फौज पाठवा म्हनतीस न्हवं? कुनाकुनाला पाठवू? नावं सांग." मी चिडायची. हा काय प्रश्न झाला? फौजेत नावं नसतात, फौज असते. तू म्हणायचास, "मी फौजेत हुतो. नुसती नावंच असत्यात." मग मी तुला विचारायची, "बरं, पोर्तुगीजाशी बोलायला बसलास. पहिलं वाक्य काय बोलशील? सांग." आणि तू डोकं खाजवत बसायचास. तुला ते वाक्य कधी सापडलं नाही. मी नावं कधी सांगितली नाहीत. दोन वर्षं आपण तिथंच अडकलो होतो आणि दोघांनाही घाई नव्हती.

तू एकटाच होतास, अण्णा, जो माझं बोलणं पुरतं होऊ द्यायचा. मी शिक्षिका व्हायला ट्रेनिंग कॉलेजात जाणार म्हटल्यावर हातकणंगल्याहून काका आले, चुलतभाऊ आले, पोरीच्या जातीला हे कशाला म्हणून घर डोक्यावर घेतलं. तू त्यांना बसवलंस, चहा दिलास, आणि मला म्हणालास, "तुजं काय म्हननं हाय, सगळं सांग. मधी कोन बोलनार न्हाय." आणि खरोखर कुणाला मध्ये बोलू दिलं नाहीस. सगळ्यांच्या समोर अख्खं बोलायची माझी ती पहिली वेळ. काका चिडून गेले, पण मी कॉलेजात गेले. पुढं मी तुझ्याशीच सर्वांत जास्त भांडले, आणि त्यालाही जागा तूच करून दिली होतीस. हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतेय, त्याला काही अर्थ नाही, तरी सांगतेय.

तर परवा शेवटी माझं नाव पुकारलं. मी उठले. माइकसमोर जाऊन उभी राहिले. वकीलसाहेबांनी मान डोलावून मला धीर दिला, आणि त्या मान डोलावण्यानंच माझं ठरलं.

मी म्हटलं, "आभार मी मानणार नाही. वकीलसाहेबांनी सांगितलं तसं घडलं नाही. माझा भाऊ फौज नको म्हणाला होता. इथंच, या फळीवर उभा राहून. तुम्ही त्याला खाली बसवलंत. फौज पाठवा असं वकीलसाहेब म्हणाले होते, आणि फेटा त्यांना बांधला होता." मग मी तुझं सगळं सांगितलं. तो म्हातारा, ते नसलेलं घर, दाराच्या जागेवरून आत या म्हणणं. अर्ध्यात कर्णा बंद झाला. बिघडला की पाडला, देव जाणे. मी वर्गाला शिकवते, मला कर्ण्याची गरज नसते. मी पुढं बोलत राहिले. समोरचा उठून जाईपर्यंत आपण उठायचं नाही, याला दम लागतो, तेही सांगितलं. ज्या गोष्टी स्वयंपाकघरात मी एकेक करून खोडल्या होत्या त्या सगळ्या मी तिथं मांडल्या, आणि इतक्या चांगल्या मांडल्या की मलाच त्यांना उत्तर सुचेना. शेवटी म्हटलं, ढाल ठेवायची तर खुशाल ठेवा, तिच्यावर माझ्या भावाचं नाव घालायचं नाही.

वकीलसाहेब सावकाश उठले. कर्णा लगेच सुरू झाला. "बाईंचं दुःख ताजं आहे," ते म्हणाले, "अशा वेळी आठवणींची उलटापालट होते. आपण सर्वांनी समजून घेतलं पाहिजे." आणि ठराव मताला टाकला. टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला, अण्णा. वस्तादांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते खाली मान घालून हारांच्या पाकळ्या वेचत होते. तेवढंही मला पुरेना. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "वस्ताद, तुम्ही घंटा वाजवली होती. तुम्हाला तरी आठवत असेल." ते म्हणाले, "बाई, आता मेलेल्या मानसाला हरवायचं कशाला? जितू द्या की त्याला." त्यांना खरंच वाटत होतं, ते तुझ्यावर उपकार करताहेत.

दाराशी एका अनोळखी माणसानं गाठलं. मळकी टोपी, हातात पिशवी. हळूच म्हणाला, "तुमचं खरं हाय, बाई. मी हुतो त्या दिशी. टरफलं मी बी टाकलीती." मी म्हटलं, "मग आत्ता हात का वर केला नाहीत? एक माणूस उठला असता तर..." तो गोंधळला. "शोकसभेत कसं बोलायचं वो?" म्हणाला, आणि नमस्कार करून गर्दीत गेला. मला त्याच्यावर थुंकावंसं वाटलं. आणि सबंध पटांगणात खरं बोललेला तोच एक होता.

घरी आले तेव्हा आई अंधार पडूनही दिवा न लावता बसली होती. ती सभेला आली नव्हती. तुझ्या नावाचा कर्णा पुन्हा ऐकायचा नाही म्हणाली होती. मी दिवा लावला, पाय धुतले.

"काय बोल्लीस तितं?" तिनं विचारलं.

"अण्णाचं सगळं सांगितलं. त्याला काय म्हणायचं होतं ते."

"समदं?"

"सगळं. काही ठेवलं नाही."

तिनं दिव्याची वात सारखी केली. मग म्हणाली, "आन् तुजं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. दोन वर्षं ती चुलीपाशी बसून आपलं भांडण ऐकत होती. एक म्हणणार पाठवा, एक म्हणणार नको. आज एकाच बाजूचं बोलून मी घरी आले होते.

"माझं राहिलं," मी म्हटलं.

"मग सांग की आता," आई म्हणाली. "त्यो न्हाय तर मी हाय. फौज का पाठवायची म्हनतीस? सांग मला." ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच ऐकायचं होतं. ती भिंतीला पाठ लावून, हात मांडीवर घेऊन, माझ्याकडं तोंड करून बसली.

मी तिच्या समोर बसले. माझ्याकडं सगळे मुद्दे होते, अण्णा. आजही आहेत, मी त्यातला एकही सोडलेला नाही. पण ज्या बाईनं फौजेत जाताना तुला एकदा आगगाडीत बसवून दिलं होतं आणि मग कितीतरी वर्षं तारवाल्याची सायकल गल्लीत वळली की भांडं खाली ठेवलं होतं, तिच्या तोंडाकडं बघून मला पहिलं वाक्य बोलता येईना. ती वाट बघत राहिली. मी उठून तिचं ताट वाढायला घेतलं.